वायरलेस इअरबडवर रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग: उशीर कुठून येतो आणि काम कसं वाटून घ्यावं

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सिडकोतल्या घरी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ आणि रीपर ही संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायची सॉफ्टवेअर वापरून अभंगांचे आणि ढोल-ताशाचे ट्रॅक करता, ऐकायला वायरलेस इअरबड आहेत आणि तीन ठिकाणी अडतंय. मिडी कीबोर्डची (लॅपटॉपमधले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डची) पट्टी दाबली की सूर उशिरा ऐकू येतो. माईक सुरू केला की इअरबडमधलं संगीत एकदम फोनवरच्यासारखं दबकं होतं. आणि ऑडिओ इंटरफेसचा (माईक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राचा) एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरला त्या यंत्राशी थेट जोडणारा प्रोग्राम, निवडला की यादीतून इअरबडच नाहीसे होतात. शेवटी विचारलंय, पाच-सहा हजारांचे चांगले इअरबड घेतले तर हे सगळं सुटेल का?

नाही सुटणार. आधी हे तिन्ही त्रास वेगळे करा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. दबक्या आवाजाचा त्रास सेटिंग बदलून पूर्ण जातो. एएसआयओच्या यादीतून सोयीची वाट काढता येते. उशीर मात्र ब्लूटूथच्या रचनेतच आहे आणि महागड्या जोडीतही तो राहतो. म्हणून मी तुमचा प्रश्न असा मांडतो: यातलं कोणतं काम इअरबडवर बिनधास्त करावं आणि कोणत्या कामाला वायर लावावी?

याचं उत्तर तुम्ही काम कसं करता त्यावर ठरतं. जो माउसने बीट टाकतो, पियानो रोलमध्ये (पडद्यावरच्या सुरांच्या चौकटीत) सूर काढतो आणि तयार सॅम्पल, म्हणजे आवाजाचे तुकडे, ओढून ठेवतो, त्याला इअरबडवर दिवसभर काम करता येईल. जो कीबोर्ड वाजवून रेकॉर्ड करतो किंवा गायकाला समोर उभं करतो, त्याला नाही. तुम्ही दोन्ही करता, त्यामुळे दोन्हींबद्दल लिहितो.

आधी उशीर. तो किती आहे? विंडोज किंवा मॅक लॅपटॉपवर एसबीसी किंवा एएसी कोडेकने (आवाज दाबून छोटा करून पाठवायच्या पद्धतीने) चालणाऱ्या साध्या इअरबडमध्ये पट्टी दाबल्यापासून कानात सूर येईपर्यंत साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. हिशेबाला २०० धरू. १२०च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि चौगुणीत दोन बोलांमधलं अंतर १२५. म्हणजे तुमचा सूर चौगुणीच्या दीड बोलाहून जास्त मागे पडतोय. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो. २०० मिलिसेकंद म्हणजे जवळपास ६८ मीटर. ढोल पथकात मागच्या रांगेतल्याला पुढचा ताशा उशिरा ऐकू येतो आणि तो हाताकडे बघून वाजवतो, हे तुम्हाला माहीत असेलच. इथे बघायला हातही नाही.

कीबोर्ड वाजवणाऱ्याला १० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुधा जाणवत नाही, २०च्या आसपास बोटाला काहीतरी जड वाटायला लागतं आणि ३०-४०च्या पुढे माणूस नकळत घाई करून वाजवू लागतो. २००ला वाजवणं अशक्यच होतं.

हे २०० मिलिसेकंद येतात कुठून? सॉफ्टवेअर आवाजाचा तुकडा तयार करून विंडोजला देतं. विंडोज त्यात बाकीच्या प्रोग्रामचे आवाज मिसळतं. मग ब्लूटूथचा एन्कोडर तो दाबून छोटा करतो, त्याची पाकिटं बांधतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर पाठवतो. वाटेत एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा पाठवावं लागतं. इअरबडमध्ये पोचल्यावर ते उलगडून डावा-उजवा कान एकमेकांशी जुळवून वाजवलं जातं. यातला बराचसा वेळ इअरबडमधल्या साठ्यात जातो. हा साठा गच्चीवरच्या टाकीसारखा असतो: नळाला पाणी मधूनमधून आलं तरी घरातली धार तुटू नये म्हणून आधीच भरून ठेवलेला. रेडिओचा काही भरवसा नसतो. शेजारच्या फ्लॅटचा वाय-फाय, मध्ये आलेलं तुमचं डोकं, खिशातला फोन यांपैकी काहीही पाकीट अडवू शकतं. साठा कमी ठेवला तर आवाज तुटतो, जास्त ठेवला तर उशीर होतो. फक्त गाणी ऐकणाऱ्याला उशिराचं काही वाटत नाही, म्हणून बनवणारे साठा मोठा ठेवतात आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर तर ओठ आणि आवाज जुळलेले दिसतात. ते जुळतात कारण प्लेअर चित्रालाही तेवढंच थांबवतो. व्हिडिओ आधीच तयार असतो, त्यामुळे त्याला थांबवता येतं. तुमचं बोट अजून पट्टीवर पडायचंय, त्याला कोण थांबवणार?

सॉफ्टवेअरमधला बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) कमी केल्याने इथे फरक का पडत नाही, तेही यातून कळेल. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मापं (त्यांनाही सॅम्पलच म्हणतात) असताना, ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद, १२८चा म्हणजे २.७. तुम्ही ५१२वरून १२८वर आलात तर ८ मिलिसेकंद वाचले. दोनशेतले आठ. वर प्रोसेसरवर ताण येऊन आवाज कडकड करायला लागेल तो वेगळाच. इअरबडवर ऐकताना बफर उलट ५१२ किंवा १०२४ ठेवा. कमी ठेवून मिळत काहीच नाही.

डब्यावरचा 'गेमिंग मोड' बघून भुलू नका. तिथे छापलेले ४० किंवा ५० मिलिसेकंद हे सगळं अनुकूल असतानाचे असतात आणि लॅपटॉपच्या बाजूचा वेळ त्यात धरलेला असेलच असं नाही. तो आकडा शब्दशः खरा मानला तरी ५० मिलिसेकंद वाजवण्यासाठी जास्तच होतात. कोडेकच्या नावांचंही तेच. ॲप्टएक्सचा फायदा लॅपटॉप आणि इअरबड दोन्हींत ती सोय असेल तरच. एलडीएसी ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण तो दर्जासाठी आहे, वेगासाठी नाही, आणि विंडोज किंवा मॅक त्याला मुळातून आधार देत नाहीत. लॅपटॉपसाठी म्हणून एलडीएसीवाले इअरबड घेणाऱ्याचे पैसे बरेचदा एसबीसी किंवा एएसी ऐकण्यातच जातात. नवीन एलई ऑडिओ आणि त्याचा एलसी३ कोडेक ही खरी सुधारणा आहे, पण त्यासाठी लॅपटॉपचं ब्लूटूथ, ड्रायव्हर आणि इअरबड अशा तिघांनी साथ द्यावी लागते. तिघं जुळले तरी उशीर फक्त कमी होतो, कीबोर्ड वाजवण्याइतका कमी होत नाही.

तुमच्या जोडीचा उशीर अंदाजाने धरू नका, मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे. रीपरमध्ये ४८ किलोहर्ट्झचा नवा प्रोजेक्ट घ्या, टेम्पो ६० ठेवा आणि मेट्रोनोमचा क्लिक ऑडिओ फाइल म्हणून पहिल्या ट्रॅकवर ठेवा. दर सेकंदाला एकच ठोका असल्यामुळे कोणता आवाज कोणत्या ठोक्याचा, हा घोळ होत नाही. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस इथे जाऊन वॅसापी शेअर्ड (विंडोजचा स्वतःचा आवाजाचा मार्ग) निवडा. आउटपुट इअरबड, इनपुट लॅपटॉपचा माईक. इअरबडचा स्वतःचा माईक चुकूनही निवडू नका. एक इअरबड लॅपटॉपच्या माईकच्या भोकापाशी धरा आणि दुसऱ्या ट्रॅकवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. झूम करून मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांच्या सुरुवातींमधलं अंतर बघा. मग हेच सगळं वायरच्या इअरफोनवर करा. समजा इअरबडवर २१५ आणि वायरवर २० आले. तर ब्लूटूथचा वाटा १९५, आणि या माईकवर केलेलं रेकॉर्डिंग डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, सरकवायचा आकडा २१५. हे दोन आकडे वेगवेगळ्या कामाचे आहेत, एकात एक मिसळू नका.

ही मोजणी इअरबड बंद करून, पुन्हा जोडून आणखी दोनदा करा. तिन्ही आकडे चार-पाच मिलिसेकंदांच्या आत आले तर तुमची जोडी विश्वासाची. कुठे १९० तर कुठे २३० असं येत असेल, तर त्या जोडीवर कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही. मोजताना लॅपटॉपला यूएसबी ३ची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर काढून ठेवा. तिच्या केबलमधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि आवाज तुटण्याचं ते फार दुर्लक्षित कारण आहे.

आता माईक लावल्यावर दबकणारा आवाज. ब्लूटूथमध्ये आवाजासाठी दोन वेगळ्या वाटा आहेत. गाणी ऐकायची वाट एटूडीपी: स्टिरिओ, चांगला दर्जा, पण एकाच दिशेने. बोलायची वाट एचएफपी, म्हणजे हँड्सफ्री: दोन्ही दिशांनी, पण मोनो आणि सॅम्पल रेट बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. १६ धरला तरी ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही. मंजिरी आणि ताशाची किनार तिथेच संपते. कोणत्याही प्रोग्रामने इअरबडचा माईक उघडला की यंत्रणा पहिल्या वाटेवरून दुसरीवर उडी मारते. यात इअरबड बिघडलेले नसतात.

म्हणून इअरबडचा माईक कोणालाच सापडणार नाही असं करायचं. विंडोजमध्ये रन उघडून एमएमएसवायएस डॉट सीपीएल टाइप करा (रोमन अक्षरांत), जुनी साउंड खिडकी उघडेल. रेकॉर्डिंग टॅबमध्ये इअरबडच्या माईकवर राइट क्लिक करून डिसेबल करा. त्याच खिडकीत कम्युनिकेशन्स टॅबवर 'डू नथिंग' निवडा. एफएल स्टुडिओत एक सापळा आहे: एफएल स्टुडिओ एएसआयओ निवडल्यावर त्याच्या पॅनलमध्ये इनपुटही ठरवलेलं असतं. तिथे इअरबडचा माईक असेल तर रेकॉर्डिंग न करताही आवाज दबकतो. पॅनल उघडून इनपुट बदला. ब्राउझरमध्ये मीटिंगची टॅब किंवा मागे चालू असलेला कॉलही हेच करतो.

मॅकवर सिस्टिम सेटिंगमध्ये साउंडचं इनपुट मॅकबुकचा माईक ठेवा आणि लॉजिक हे ॲपलचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही इनपुट डिव्हाइस तोच निवडा. लॉजिकने सॅम्पल रेट २४,००० ओळखल्याची तक्रार दाखवली तर समजायचं की एअरपॉड्सचा माईक उघडला गेलाय. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन इअरबडच्या नावापुढे ४४,१०० किंवा ४८,००० आणि दोन चॅनल दिसताहेत ना, हे बघून घ्यावं.

तिसरा त्रास, एएसआयओ. स्टाइनबर्गने १९९७ साली आणलेल्या या पद्धतीत सॉफ्टवेअर एका वेळी एकाच ड्रायव्हरशी बोलतं, आणि तुमच्या इंटरफेसच्या ड्रायव्हरला फक्त स्वतःचीच भोकं माहीत असतात. इअरबड त्याच्या लेखी नाहीतच. यामागे कारण आहे. प्रत्येक यंत्राचं स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा इंटरफेस सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेतोय आणि इअरबडची बाजू ४८,००१ वाजवतेय. तासाभरात ३,६०० सॅम्पलचा, म्हणजे ७५ मिलिसेकंदांचा फरक पडला. मॅकवर ॲग्रीगेट डिव्हाइस करून इंटरफेस आणि ब्लूटूथ एकत्र बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर याच कारणासाठी टाळा. मधूनच टक् असे आवाज येतात.

वाट अशी काढायची: रेकॉर्डिंगला इंटरफेसचा एएसआयओ, ऐकायला दुसरा ड्रायव्हर. रीपरमध्ये वॅसापी शेअर्ड, एफएलमध्ये एफएल स्टुडिओ एएसआयओ, क्युबेसमध्ये जेनेरिक लो लेटन्सी एएसआयओ, एबलटन लाइव्हमध्ये एमएमई/डायरेक्टएक्स. बदलायला अर्धा मिनिट लागतो. परत रेकॉर्डिंगला बसताना मात्र ड्रायव्हर मूळ जागी आणायची आणि इनपुट चॅनल तपासायची सवय लावा, नाहीतर अख्खा अंतरा लॅपटॉपच्या माईकवर रेकॉर्ड होतो आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. एएसआयओ४ऑल इथे उपयोगाचं नाही. ब्लूटूथची उपकरणं त्यात बहुधा दिसत नाहीत आणि दिसली तरी धड चालत नाहीत. इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकाला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला तर ड्रायव्हर बदलावा लागत नाही, पण उशीर तेवढाच राहतो. नुसतं ऐकण्यापुरता तो ठीक.

इतकं केल्यावर इअरबडवर कामं कोणती करायची? रचना जुळवणं, कडवी पुढे-मागे करणं, सॅम्पल निवडणं, पियानो रोलमध्ये सूर काढणं, इक्यू (खालचे-वरचे आवाज कमी-जास्त करणं) आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणं) लावणं, गाण्यातले श्वास आणि खरखर साफ करणं. ही सगळी निर्धास्त करा, फक्त चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, पडद्यावरची रेघ कानाच्या पुढे धावते. तुम्ही जे ऐकताय ते रेघेच्या २०० मिलिसेकंद मागचं आहे. त्यामुळे ऐकता ऐकता बटण दाबून मार्कर टाकला किंवा काप घेतला तर तो उशिरा पडतो. काप वेव्हफॉर्म बघूनच घ्या. दोन, आवाज कमी-जास्त करण्यासाठी फेडर (आवाजाची सरकपट्टी) हलवून ऑटोमेशन, म्हणजे त्या बदलांची नोंद, लिहिलं तर तेही तेवढंच मागे पडतं. लिहून झाल्यावर सगळे बिंदू निवडून तेवढेच डावीकडे सरकवा, किंवा माउसने काढा. टॅप टेम्पो मात्र बरोबर येतो, कारण उशीर प्रत्येक ठोक्याला सारखाच असतो आणि टेम्पो दोन ठोक्यांमधल्या अंतरावर ठरतो.

तीन, पहिली सम गिळली जाते. शांतता असली की बरेच इअरबड बॅटरी वाचवायला अर्धवट झोपतात आणि प्ले केल्यावर जागे व्हायला क्षणभर घेतात. तेवढ्यात पहिला ढोल निघून जातो. मग लोक त्या ठोक्याचा आवाज वाढवत बसतात. त्यापेक्षा एक आवर्तन आधीपासून प्ले करा. चौथी गोष्ट क्वांटाइझची, म्हणजे सूर तालाच्या जवळच्या रेघेवर ओढून बसवण्याची. कोणी सांगेल, उशिरा वाजलं तर वाजू दे, मागून क्वांटाइझ कर. १२०च्या टेम्पोला सोळाव्या भागाची चौकट १२५ मिलिसेकंदांची आहे. २०० मिलिसेकंद उशिरा आलेला सूर जवळच्या रेघेवर जाईल, आणि ती रेघ २५०ची आहे. म्हणजे क्वांटाइझ केल्यावर तो आणखी चुकीच्या जागी घट्ट बसला. आधी सगळा मिडी क्लिप मोजलेल्या आकड्याइतका डावीकडे सरकवायचा, नंतर क्वांटाइझ.

वायर नाहीच आणि आज रात्रीच गायकाचा आवाज घ्यायचाय, अशी वेळ आली तर? निभावता येतं. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (माईकचा आवाज गाताना कानात परत देणं) पूर्ण बंद करा, म्हणजे गायकाला इअरबडमधून फक्त वाद्यमेळ ऐकू जाईल. स्वतःचा आवाज २०० मिलिसेकंदांनी परत कानात पडला तर चांगल्या गायकाचीही जीभ अडखळते. बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ उडवणारा उशीर याच सुमाराचा आहे. एक इअरबड कानात, दुसरा डबीत ठेवून डबी बंद. उघड्या कानाने गायक स्वतःला ऐकेल. दोन्ही कान रबरी टोप्यांनी बंद असले तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर उतरायला लागतो, म्हणून एक कान मोकळा हवाच. काही इअरबड एक काढला की आपोआप थांबतात. ते ॲपमध्ये जाऊन बंद करा. गायक उशिरा ऐकून त्यावर गाईल, त्यामुळे रेकॉर्ड झालेला आवाज ट्रॅकच्या मागे पडेल. मोजलेल्या आकड्याइतका तो डावीकडे सरकवा. ४८ किलोहर्ट्झला २०० मिलिसेकंद म्हणजे ९,६०० सॅम्पल, ४४.१ला ८,८२०. सुरुवातीला चार टाळ्या वाजवून घेतल्या तर जुळवायला खूण मिळते. हे करताना इनपुट आणि आउटपुट वॅसापीवरच असणार, म्हणजे इंटरफेसचा एएसआयओ नाही. आकडाही त्याच जोडणीत, त्याच माईकवर मोजलेला हवा.

हा आणीबाणीचा उपाय आहे. याच्यावर अख्खा अल्बम करू नका. चौथ्या-पाचव्या टेकला काही इअरबड मध्येच साठा वाढवतात, आकडा बदलतो आणि कोणता टेक किती सरकवायचा हे कळेनासं होतं.

आता मिक्सिंगबद्दल. तुमच्या कामात ढोल आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बहुतेक इअरबड कारखान्यातूनच खालचा आवाज फुगवून येतात. त्यावर नाशिक ढोलाचा मिक्स केला की ढोलाची थाप कानाला जड वाटते, तुम्ही ती उतरवता आणि तोच ट्रॅक मंडळाच्या मोठ्या स्पीकरवर वाजला की ढोल पोकळ. ताशाचं उलट. २ ते ५ किलोहर्ट्झचा भाग कित्येक इअरबडमध्ये टोचतो, तुम्ही ताशा कापता आणि मैदानात तो मंद पडतो. शिवाय इअरबडमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो, स्पीकरसारखा दोन्ही कानांत मिसळत नाही. त्यामुळे टोकाला ठेवलेले टाळ फारच लांब वाटतात. रिव्हर्बही (आवाजाला दिलेला घुमारा) इअरबडमध्ये स्पष्ट ऐकू येतो, म्हणून कमी टाकला जातो आणि अभंग स्पीकरवर कोरडा लागतो.

पहिली दुरुस्ती इअरबडची. ॲपमधला इक्यू सपाट, स्पेशियल ऑडिओ बंद, विंडोजचे एन्हान्समेंट बंद. नॉइज कॅन्सलेशनही बंद करा. ते चालू-बंद करताना काही जोड्यांचा स्वरच बदलतो. बाहेर गंगापूर रोडसारखी वर्दळ असेल आणि ते लागतच असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालूच ठेवा, मध्ये बदलू नका. मग टोप्या तपासा: ५० हर्ट्झचा साइन टोन हळू आवाजात वाजवा आणि इअरबड बोटाने किंचित आत दाबा. दाबल्यावर आवाज ठळक वाढला तर टोपी कानाला लहान आहे आणि आजवर ऐकलेला बेस खोटा होता.

दुसरी, तुलनेसाठी संदर्भाचा ट्रॅक. ढोल-ताशाचं चांगलं वाटणारं एखादं रेकॉर्डिंग प्रोजेक्टमध्ये आणा, मास्टर झालेलं असल्यामुळे ते मोठं असेल, म्हणून एलयूएफएस मीटर (कानाला आवाज किती मोठा लागतो ते दाखवणारा) बघून तुमच्या मिक्सइतकं खाली करा आणि दोन्ही आलटून पालटून ऐका. इअरबड खोटं बोलत असले तरी दोन्ही ट्रॅकबद्दल सारखंच खोटं बोलतात, त्यामुळे तुलना खरी राहते. मास्टरवर मोनोचं बटण ठेवा आणि अधूनमधून दाबा. मंडळाचा स्पीकर बहुतेकदा मोनोच असतो. ४० हर्ट्झच्या खाली काय चाललंय ते कानावर न सोडता स्पेक्ट्रम ॲनलायझरवर बघा. टाळ, घुंगरू आणि रिव्हर्बची शेपटी इअरबडवर पाण्यासारखी लवलवत असेल तर ती कोडेकची करामत असू शकते; तिथे इक्यू लावण्याआधी वायरवर ऐकून खात्री करा. आणि आवाज मध्यम ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. ताशा मिक्स करताना ती कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

शेवटची तपासणी मात्र इअरबडवरच व्हायला हवी, तिथे त्यांना पर्याय नाही. तुमचे ऐकणारे तेच लावून ऐकणार आहेत. डब्ल्यूएव्ही एक्सपोर्ट करा, फोनमध्ये केबलने किंवा ड्राइव्हवरून न्या. व्हॉट्सॲपने पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग पडदा न बघता, चालताना ऐका: शब्द कळतात का, ढोलावर पखवाज हरवतो का, शेवटच्या कडव्यात आवाज दाटतो का.

आणि जे पाच-सहा हजार तुम्ही इअरबडवर घालणार होतात, त्यातले हजार-दीड हजार वायरच्या साध्या इन-इअर (कानात बसणाऱ्या) इअरफोनवर घाला. तेवढ्यात वाजवण्याचा आणि गायकाचा प्रश्न मिटतो. बजेट वाढवता आलं तर बंद पाठीचा स्टुडिओ हेडफोन घ्या, म्हणजे गाताना क्लिक माईकमध्ये झिरपणार नाही. कार्यक्रमात गायकांच्या कानात जे वायरलेस दिसतं ते ब्लूटूथ नसतं. त्या रेडिओ यंत्रणा वेगळ्या आहेत, ॲनालॉगमध्ये उशीर जवळपास नाही आणि २.४ गिगाहर्ट्झच्या डिजिटलमध्ये साधारण ५ मिलिसेकंद. घरच्या कामाला त्यांची गरज नाही. इंटरफेसला पीन मोठी, ६.३५ मिलिमीटरची लागते, तर ३.५वरून ६.३५चा अडॅप्टर सोबत घ्या. इन-इअर १६ ते ३२ ओहमचे आणि फार संवेदनशील असतात, म्हणून कानात घालण्याआधी इंटरफेसचं हेडफोनचं बटण शून्यावर आणा.

एमजी रोडवर घ्यायला गेलात तर पिनेवरच्या पट्ट्या मोजा. दोन असतील तर साधी स्टिरिओ पीन, तीच हवी. तीन असतील तर माईकवाली मोबाइलची पीन. ती काही इंटरफेसमध्ये आणि अडॅप्टरमध्ये नीट बसत नाही, ग्राउंड सुटतं आणि गायकाचा आवाज गायब होऊन नुसता रिव्हर्ब आणि कडेची वाद्यं ऐकू येतात. तसं झालं तर वायरवरचं माईकचं बटण दाबून धरा. आवाज परत आला तर दोष पिनेचाच आहे. तीन पट्ट्यांवरून दोनवर नेणारा छोटा अडॅप्टर लावला की काम होतं.